फळीवरचा साबण

विद्यापीठात आरोग्यवर्धन शिकत असताना आम्हाला नांदेडहून हदगावकडच्या एका खेड्यात हात धुण्यासारख्या सवयी शिकवायला नेत. बॅच दर वर्षी नवी, गाव मात्र तेच. तिथल्या एका मावशींचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या कापूस वेचून नुकत्याच आलेल्या असायच्या. आम्ही दिसलो की कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहायच्या, मग फळीवरून साबण काढायच्या आणि कुणी न सांगता हात धुऊन दाखवायच्या. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं शिकवल्याप्रमाणे. सर खूश व्हायचे. "बघा, वर्तन असं बदलतं," म्हणायचे.

शेवटच्या दिवशी उन्हानं डोकं दुखत होतं. बाकीचे गाडीकडे गेले, मी पाणी प्यायला मावशींच्या दारात टेकले. मावशींनी ओला साबण पदरानं पुसला, त्याच्याच जुन्या कागदात गुंडाळला आणि परत फळीवर ठेवला.

"मावशी, रोज नाही वापरत?"

"रोज वापरला तर उरंल का माय? पुढल्या साली बी लेकरं येतेत. इतक्या दुरून येतेत, त्यांचं काम व्हायला नको का?"

त्यांनी माझ्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"का गं? आज माझं काही चुकलं का? मनगट धुवायचं राहिलं जणू."

आणि भिंतीला हात टेकत उठून त्या पुन्हा साबण काढायला गेल्या.