टीव्हीकडे पाठ करून

शिट्टीकाका म्हणजे वाहतूक पोलिसातले हवालदार. अठ्ठावीस वर्षं एकाच चौकात उभे राहिले, आणि पावती फाडायच्या बाबतीत माणूस महाखडूस. सख्ख्या शेजाऱ्यालाही बिनहेल्मेटचा पकडला तेव्हा सोडला नाही. तेव्हापासून दोन घरांत अबोला. काका म्हणायचे, "बोलत नाही तर राहू दे, डोकं तरी शाबूत आहे ना त्याचं?"

काकांना वेड एकच, फुटबॉलचं. आणि नशीब बघा, दरवर्षी अंतिम सामन्याच्या दिवशीच सगळ्यांच्या रजा बंद. त्या संध्याकाळी घर गाठायच्या घाईत लोकांना भान म्हणून राहायचं नाही. हेल्मेट डोक्याऐवजी कोपराला, एका स्कूटरवर तिघं, लाल दिवा तर कुणाला दिसायचाच नाही. सामना सुटल्यावर पुन्हा तोच धिंगाणा. एक तरी अंतिम सामना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढीच काकांची हौस, आणि तीच राहून जात होती.

मग सामना काकू बघायच्या. घरात साधा टीव्ही, त्यावर फुकटचं चॅनेल. काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी नेटाने शेवटपर्यंत बसायच्या आणि काकांना वाढता वाढता सगळं सांगायच्या. "त्या दाढीवाल्याला उगाच पाडलं हो. बिचाऱ्याची बुटाची नाडी सुटली होती. मग टकल्याने गोल केला आणि आईकडे बघून रडला." काकांचा घास हातातच राहायचा.

मध्ये चार वर्षं हे सामने पैसे भरायच्या चॅनेलवर गेले. "आपण नको घ्यायला, मी कुठे घरी असतो," काका म्हणाले. काकूंनी मान डोलावली. पण सामन्याच्या दिवशी ताट वाढलं आणि त्यांनी सांगायला सुरुवात केलीच. भावाकडे जाऊन बघून आले, म्हणाल्या. चारही वर्षं असंच. काका पूर्वीसारखेच रंगून ऐकत राहिले.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी नियम झाला, मोठे सामने सगळ्यांना फुकट दिसले पाहिजेत. काकांनी दोन दिवस आधीच टीव्ही पुसून ठेवला. आणि नेमकं तेव्हाच काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस टीव्ही बघायचा नाही.

"मग मी लावतच नाही," काका म्हणाले.

"अठ्ठावीस वर्षं थांबलात ते यासाठी? लावा मुकाट्याने."

काकू खुर्ची उलटी फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसल्या, काकांच्या समोर. काका बघू लागले. पण पाचच मिनिटांत त्यांना चैन पडेना. कुणी गप्प बसून बघतं का सामना? मग त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांचं तोंड सुरू झालं. आधी नुसतं कुणी कुणाला चेंडू दिला ते. काकू म्हणाल्या, "ते राहू द्या. रागावलंय कोण?" झालं, काकांना सूर सापडला. कुणाचे केस डोळ्यांवर येतात, गोलरक्षक देवाला काय सांगत असेल, सगळं सांगू लागले. दोघांनाही इतकी मजा कधी आली नव्हती.

शेवटच्या मिनिटाला आपल्या संघावर गोल झाला आणि सामना गेला. काकांनी काकूंच्या पट्टीकडे पाहिलं.

"जिंकलो," ते म्हणाले.

"हरलो," काकू म्हणाल्या. "भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनी खुर्चीसुद्धा सरकवली नाही." मग त्या हळूच म्हणाल्या, "आता सांगूनच टाकते. ती चार वर्षं मी भावाकडे गेलेच नव्हते. याच भिंतीला कान लावून बसायचे. हरलो की जिंकलो एवढं कळायचं, बाकी सगळं मनाचं."

"ठाऊक होतं."

"ते कसं?"

"तुझ्या भावाकडे जायला माझाच चौक ओलांडावा लागतो. चारही वर्षं तू काही दिसली नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"सामना चांगला रंगला होता," काका म्हणाले. "मध्येच शिट्टी कशाला मारू?"

आणि डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती म्हणून ते बाटली आणायला उठले.