ताजुन्निसाची कमान

लोणावळ्याचा पाऊस चार महिने कोसळतो. तुंगार्लीच्या बंद बंगल्यांतल्या गाद्या ओल धरून दगड होतात आणि दिवाळीला मालक यायच्या आत त्या पुन्हा मऊ व्हाव्या लागतात. हे काम कुसगावच्या वाटेवर राहणाऱ्या इनायत पिंजाऱ्याकडे होतं. तो कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून बंगल्याबंगल्याच्या अंगणात जायचा आणि तिच्या तातीवर, म्हणजे ताणून बांधलेल्या दोरीवर, लाकडी गोटा मारून कापूस उडवायचा. त्याची बायको ताजुन्निसा घरी बसून खोळी शिवायची, टाके घालायची. कमान पुरुषाची, सुई बाईची, अशी त्यांच्यातली वाटणी. ती कुणी केली हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

ताजुन्निसाला पडली. वीस वर्षांची रुई इनायतच्या छातीत जाऊन बसली होती. १९२६ साली त्याला दोन ठोक्यांत धाप लागू लागली. मग तो कापूस पोत्यात भरून घरी आणायचा, दार लावून घ्यायचा आणि आत कमान ती चालवायची. आजारातही इनायतचा हात कसा चालतो बघा, असं लोक कौतुकानं म्हणायचे. तो मान खाली घालायचा.

पुढच्या वर्षी भादव्यात तो गेला. आता इद्दत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं उंबऱ्याबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दिवाळीचा सगळा हंगाम त्यातच जाणार होता. एक हंगाम चुकला की बंगल्यांचे माळी पुण्याहून दुसरा पिंजारी आणणार, आणि मग या घरात काम म्हणून उरणार नव्हतं.

वडगावचा दीर राजमहंमद हाही पिंजारीच. पडद्याआडून त्यानं निरोप सांगितला, की इद्दत संपली की गाडी घेऊन येतो, भाबीनं घर आवरून ठेवावं, कमान बापाची आहे ती मी नेईन. माणूस वाईट नव्हता. दोन वेळचं त्यानं खरंच घातलं असतं. पण त्याच्या घरात एका चुलीवर आधीच दोन जावा धुसफुसत होत्या. तिथं कोपऱ्यात बसून मरेपर्यंत दुसऱ्याचे तांदूळ निवडायचे, या विचारानंच ताजुन्निसाचा जीव घाबरा झाला.

पंधरा दिवस ती रडली. मग शेजारच्या धोंडाबाईला तिनं हाक मारली. धोंडाबाई बंगल्यांत झाडलोट करायची, सगळे माळी तिच्या ओळखीचे.

"माळ्यांना सांग, गाद्या हितं आणून टाका," ताजुन्निसा म्हणाली. "उंबरा म्या वलांडत न्हाई, पण हात काय बांधल्यालं न्हाईत."

धोंडाबाईनं आधी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी एक गादी डोक्यावर घेऊन तीच आली.

ती पहिली गादी फसली. दिवस ढगाळ, मनात घाई. ताजुन्निसानं कापूस न वाळवताच पिंजला. आठवड्यात गादी परत आली, गोळेच गोळे झालेली. पिंजाऱ्याच्या बायकोनं ही चूक करावी, या लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गादी उसवली, भिंतीआडच्या परसात पाच दिवस उन्हात घातली, पुन्हा पिंजली. तेव्हापासून कितीही तगादा येवो, ऊन दाखवल्याशिवाय कापसाला तात लागायची नाही. आणखी एक नेम तिनं केला. कामाला बसताना नाकातोंडावर दुहेरी फडकं बांधायचं. इनायतच्या खोकल्यातून काय पडायचं ते तिनं पाहिलं होतं.

बातमी वडगावला पोचायला कितीसा वेळ लागणार? राजमहंमद येऊन पडद्याबाहेर उभा राहिला.

"मयताच्या घरात तात वाजतीया, भाबी. आन् तोंड म्हनं चोरावानी बांधतीस. आमच्या बापजाद्यांनी कदी बांधलं न्हाई."

तो गेल्यावर तिनं फडक्याची गाठ घट्ट केली.

इद्दत संपली त्या सकाळी तो ठरल्याप्रमाणे बैलगाडी घेऊन आला. पडवीत अकरा गाद्या रचलेल्या होत्या. ताजुन्निसा पदर सारखा करून बाहेर आली. तिच्या हातात कमान होती. मुठीपाशी इनायतच्या अंगठ्यानं खळगा पडला होता आणि इतके दिवस ती त्याच खळग्यात आपला अंगठा ठेवून काम करत होती. तिनं कमान स्वतः गाडीत ठेवली. इनायत दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं.

"बापाची हाय, तुमी न्या," ती म्हणाली. "माझी सुतार करतोय. म्या हितंच ऱ्हानार."

राजमहंमदनं गाद्यांवरून एकदा नजर फिरवली. मग तेवढी कमान घेऊन गाडी वळवून गेला.

नवी कमान जड आणि अडमुठी निघाली. महिनाभर तळहातांना फोड होते. पण माळी येत राहिले, आणि ज्यांनी नावं ठेवली त्यांच्या घरच्या लग्नाच्या दुलयाही पुढं तिच्याकडेच भरायला आल्या. अशी चौदा वर्षं गेली.

१९४२च्या उन्हाळ्यात एक तिशीची बाई दारात उभी राहिली. राजमहंमदची मुलगी जाहिदा, नवऱ्यानं टाकलेली. खांद्यावर तीच जुनी कमान.

"अब्बा आता उठत न्हाईत, चाची. लय खोकत्यात," ती म्हणाली. "म्हनले, कमान चाचीला दे, काम शिकीव म्हनावं. आन् कमानीला हात लावायच्या आदी तोंडाला फडकं बांदाया शीक."

ताजुन्निसानं कमान मांडीवर घेतली आणि मुठीपाशी अंगठा फिरवला. चौदा वर्षं दुसरा हात तिथं घासला होता. खळगा रुंद झाला होता, इनायतचा अंगठा त्यात सापडेना. ती जाहिदासमोरच रडली.

मग उठून तिनं खुंटीवरचं फडकं काढलं, दुहेरी केलं, जाहिदाच्या नाकातोंडावर बांधलं, गाठ ओढून पाहिली. त्यानंतरच तिनं कमान तिच्या हातात दिली.