चौथ्या दिवसाचं दार

कुणी अत्तराची बाटली भेट दिली की ताई हसून घ्यायची आणि संध्याकाळी शेजारणीला देऊन टाकायची. बावीस वर्षांत तिने अंगाला वासाचं काही लावलं नव्हतं. तेल नाही, पावडर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. लोकांना वाटायचं, बाई रुक्ष आहे. अहो, रुक्ष कसली! ती जिथे काम करायची तिथे साध्या वासाचाही जाच होईल अशी नाजूक मंडळी राहायची, आणि त्यांचं वय असायचं एक ते पाच दिवस.

मूल होत नाही म्हणून नवराबायको ज्या दवाखान्यात खेटे घालतात, तशा एका दवाखान्याच्या अगदी आतल्या, मंद उजेडाच्या खोलीत ताई भ्रूण वाढवायची. बाईच्या पोटातून काढलेली बीजं आणि नवऱ्याचं बीज एका चपट्या बशीत एकत्र आणायचं आणि बशी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पोटाइतकी ऊब देणाऱ्या कपाटात, ठेवायची. बहिणीचा नवरा तिला ‘अंडीवाल्या ताई’ म्हणायचा. ‘‘काय अंडीवाल्या ताई, आज किती उबवलीत?’’ ती म्हणायची, ‘‘तुमच्यासारखं एखादं नासकं निघतं, ते बाजूला काढते.’’

पहिल्या दिवशी सकाळी दुर्बिणीखाली दोन गोल ठिपके शेजारी शेजारी दिसले की समजायचं, जमलं. एक आईकडचा, एक बापाकडचा. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते आणि एका कडेला पेशींचा छोटा पुंजका दिसतो. बाळ व्हायचं ते त्या पुंजक्याचं, बाहेरच्या कडेची पुढे बाळाला पोसणारी वार होते. मधला चौथा दिवस मात्र अडनिडा. पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की मोजताच येत नाहीत. बघून काही कळत नाही आणि दार उघडलं की आतली ऊब हलते, म्हणून ताईचा नियम होता की चौथ्या दिवशी बघायचं नाही. सकाळी आल्या आल्या ती त्या कप्प्याच्या दारावर आडवी कागदी चिकटपट्टी लावायची. म्हणायची, ‘‘हात मेला सवयीचा, नको तिथे जातो.’’

हा नियम तिने बावीस वर्षांत एकदाच मोडला, आणि तो धाकट्या बहिणीसाठी.

आई गेली तेव्हा ताई एकवीस वर्षांची होती आणि धाकटी नऊ. वेण्या घालण्यापासून नवरा शोधून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याची धडगत नसे. धाकटीला मूल होईना. दोन वेळा उपचार फसले. आता वय एक्केचाळीस, आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हा तिसरा प्रयत्न शेवटचा, याच्यापुढे शरीराला छळण्यात अर्थ नाही.

घरच्या माणसाचं काम स्वतः करू नये, असा दवाखान्याचा रिवाज होता. पण दुसरी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘हात तुमचेच लागतील. मन तेवढं घरी ठेवून या.’’

सात बीजं मिळाली. पाच जमली. तिसऱ्या दिवशी तीन राहिली, आणि त्यातल्या एकाच्या आठ पेशी इतक्या सारख्या, इतक्या स्वच्छ की ताई दुर्बिणीवरच वाकून म्हणाली, ‘‘शहाणं गं माझं!’’ असं ती कुणाच्याच भ्रूणाशी बोलत नसे. मन घरी राहिलं नव्हतं, दुसरं काय!

चौथ्या दिवशी सकाळी तिने पट्टी लावली आणि अकराच्या सुमाराला फोन वाजला.

‘‘ताई, एकदाच बघ ना.’’

‘‘आज बघत नाहीत. तुला सांगितलंय मी.’’

‘‘माहितीये गं. पण काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. ते आहेत ना अजून? तेवढंच सांग. मी काही मागितलंय का तुझ्याकडे कधी?’’

सगळंच मागितलं होतं तिने जन्मभर, आणि ताईने दिलंही होतं. धाकटी रडायला लागली. नवव्या वर्षी रडायची तशीच, आवाज न करता, नुसती हुंदके गिळत. ताईने फोन खाली ठेवला. तिने पट्टी ओढून काढली, दार उघडलं आणि बशी दुर्बिणीखाली आणली.

ते शहाणं बाळ छान बिलगून आलं होतं. पेशींच्या रेघा पुसट होत एकजीव होत होत्या. एक नजर टाकून बशी परत ठेवायची होती. पण ताई बघत राहिली. बघता बघता चार मिनिटं गेली. कधी नव्हे ती तिला घड्याळाची आठवण राहिली नाही. मग घाईघाईने तिने बशी आत ठेवली, नवी पट्टी लावली आणि फोन केला, ‘‘आहे. फार छान आहे.’’ पलीकडे धाकटीचा नवरा ओरडलाच, ‘‘अंडीवाल्या ताई, तुमचा फोटो लावतो भिंतीवर!’’

पाचव्या दिवशी एकानेही पोकळी धरली नव्हती. दोन भ्रूणं तर थांबलेलीच होती. शहाणं काळपट पडलं होतं. काही उशिरा वाढतात, म्हणून तिने सहाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली. सहाव्या दिवशी ते आक्रसून गेलं होतं.

तिने डॉक्टरांना चार मिनिटांचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘एक्केचाळिसाव्या वर्षी बहुतेकदा असंच होतं. चार मिनिटांनी नाही होत.’’ हेच वाक्य तिने शिकाऊ मुलींना कितीदा तरी सांगितलं होतं, आणि खरंच मानलंही होतं. आज ते तिच्या गळी उतरेना. नसेलही झालं त्याने. पण झालं असेल तर? हे तिला कुणी सांगू शकणार नव्हतं, आणि तिला स्वतःलाही कधी कळणार नव्हतं.

बशी तिनेच रिकामी केली. नोंदवहीत ‘वाढ थांबली’ असं लिहिलं, सही केली आणि धाकटीच्या घरी गेली. वाटेत तिने पक्कं ठरवलं होतं. आधी बातमी सांगायची, लगेच चार मिनिटांचं. लपवायचं नाही. धाकटीने शिव्या दिल्या तरी चालतील.

दार धाकटीनेच उघडलं. ताईचा चेहरा बघून तिला कळलं. ती तिथेच खाली बसली. नवरा आत जाऊन तोंडावर पाणी मारत होता, ते नळाच्या आवाजावरून कळत होतं.

‘‘धाकटे, ऐक,’’ ताई म्हणाली. ‘‘मला तुला एक सांगायचंय. परवा...’’

‘‘परवा ना?’’ धाकटीने तिचा हात धरला. ‘‘परवा तुझा फोन आला आणि आम्ही दोघांनी पलंग सरकवला. खिडकीशी पाळणा ठेवायला जागा केली. यांनी तर टेपने मापसुद्धा घेतलं, वेडे कुठले. दिवसभर भांडत होतो, नाक कुणाचं येणार म्हणून. एवढ्या वर्षांत तो एक दिवस मी आई होते, ताई.’’

ताईने दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

‘‘दुसऱ्या कुणी माझ्यासाठी ते दार उघडलं नसतं,’’ धाकटी म्हणाली आणि आता मात्र मोठ्याने रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं. सांगायचं होतं ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कधी नाही.