निळ्या पेन्सिलीचे मामाजी

जगात सुरू झालेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी संपलीच पाहिजे आणि ती नेमकी कुठे संपली हे निळ्या पेन्सिलीने दाखवून ठेवलं पाहिजे, असं मानणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरी चार वर्षं राहिलो. नात्याने ते माझ्या थोरल्या बहिणीचे मामेसासरे. आता बहिणीचे मामेसासरे हे काही फार जवळचं नातं नव्हे. पण दर्यापूरहून अमरावतीला मास्तरकी करायला आलेल्या बिनलग्नाच्या पोराला जेवू घालायला आमच्याकडे एवढं नातं पुरतं, किंबहुना उरतं. ट्रंक घेऊन मी दारात उभा राहिलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, ''आला? बरं. प्रवास मिटला. आता हातपाय धुवा.'' मी त्यांना मामाजी म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला मामीजी.

मामाजी परकोटातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या गावातल्या, एका छापखान्यात होते. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे वेगळे, प्रुफं तपासणारे वेगळे. मामाजींचं काम या दोघांच्याही आधीचं. लेखकाचं हस्तलिखित आलं की ते पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर येई. लेखक मंडळी मथळा कुठला, कविता कुठली, तळटीप कुठली याचा धरबंध ठेवत नाहीत; सगळं एका दमात आणि एकाच शाईने लिहून मोकळी होतात. मामाजी मथळ्याच्या आधी लाल पेन्सिलीने गोलात 'म' काढायचे, म्हणजे इथे मथळा सुरू. आणि मथळ्याच्या शेवटी निळ्या पेन्सिलीने तोच गोल 'म' काढून त्यावर आडवी रेघ मारायचे, म्हणजे इथे मथळा मिटला. कवितेला 'क', टिपेला 'ट', अशी त्यांची स्वतंत्र बाराखडीच होती. कवितेच्या पोटात टीप आली तर आधी टीप मिटवायची, मग कविता. हे उलटसुलट झालेलं दिसलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. ''आतलं आधी मिटवा, मंग बाहेरचं,'' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. खिळे जुळवणाऱ्याला मजकुराचा अर्थ कळला नाही तरी चालेल, तो झोपेत असला तरी चालेल, पण नुसत्या खुणा पाहून पान बिनचूक उभं राहिलं पाहिजे असा त्यांचा दावा होता. आमच्या शाळेचं वार्षिक ज्याने जुळवलं तो खरोखरच अर्धा वेळ पेंगत असे आणि वार्षिकात एक चूक सापडली नाही, तेव्हा मला तो दावा मान्य करावा लागला.

काम फार साचलं की हा छापखाना अर्धं काम अकोल्याच्या एका छापखान्याकडे पाठवी. तिथल्या फोरमनना सगळे चाचा म्हणत. मामाजींची आणि चाचांची दहा-बारा वर्षांची दोस्ती, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती इकडून खुणा केलेल्या कागदांचं गाठोडं जायचं आणि तिकडून छापलेली पानं यायची. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. सगळं बोलणं खुणांनी. चाचांनी तर याच खुणा त्यांच्याकडच्या उर्दू कामालाही लावल्या होत्या. तिथे ओळ उजवीकडून सुरू व्हायची, एवढाच काय तो फरक. हे ड्रायव्हरकडून कळलं त्या दिवशी मामाजी इतके खूश झाले की त्यांनी मला आपण होऊन चहा पाजला.

छापखान्यातली ही शिस्त छापखान्यातच राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण मामाजी ती अंगावर घेऊन घरी येत. बोलायला लागताना ते ''बातमी सुरू'' असं जाहीर करत आणि संपल्यावर ''बातमी मिटली'' म्हणत. एकदा आमचे हेडमास्तर दहा मिनिटांसाठी म्हणून भेटायला आले. मामाजींनी उशिरा आलेल्या बसची हकिकत काढली. बसमधून कंडक्टर निघाला, कंडक्टरमधून त्याचे चांदूर रेल्वे गावचे सासरे निघाले आणि सासऱ्यांच्या गोठ्यातून एक म्हैस निघाली. म्हैस विकली गेली तशी संधी साधून हेडमास्तर उठले. मामाजींनी त्यांची छत्री धरून ठेवली. ''बसा सर. म्हैस मिटली, पन सासरा उघडाच हाय. मंग कंडक्टर हाय, मंग बस. असं मधातून कसं जाता?'' हेडमास्तर सव्वा तासाने सुटले. पुढे ते आमच्या गल्लीतून जातानाही सायकलचा वेग वाढवत.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे एवढं बोलणाऱ्या या माणसाला स्वतःचं मत म्हणून नव्हतं. मत असेल, पण ते बाहेर पडत नसे. खुणा करणाऱ्याने दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा धर्म. मजकूर काय आहे ते सांगायचं, कसा आहे ते सांगायचं नाही. ही मथळ्यांची नीती त्यांनी माणसांना आणि भाज्यांनाही लावली. ''भाजी कशी झाली?'' असं मामीजींनी विचारलं की उत्तर यायचं, ''वांग्याची.'' मामीजी कपाळावर हात मारून मला म्हणत, ''तीस वर्सं झाली रे बापू, यायनं एकदा नाई म्हटलं का चांगली झाली म्हनून. काहून लग्न केलं असंन मी?'' मग मीच भाजीची दोघांच्या वाटणीची तारीफ करायचो. भाजी खरोखरच चांगली असायची.

नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा माझ्या लग्नाचं निघालं. मुलगी अकोल्याची. एका मित्राच्या लग्नात मी तिला पाहिलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना बँड थांबेना, तेव्हा सगळे वडीलधारे नुसते हातवारे करत होते आणि ही सरळ जाऊन क्लॅरिनेटवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बँड बंद पडला. तेव्हापासून मला दुसरी कुठलीच मुलगी नको होती, हे कबूल करायला आज काही लाज वाटत नाही. योगायोग असा की तिचे वडील, निवृत्त ओव्हरसियर, चाचांचे शेजारी निघाले. मामाजी म्हणाले, पत्र मी लिहितो.

स्थळाच्या पत्रांवर त्यांचा जुना राग होता. मुलगा, मुलाचा भाऊ, भावाचा मेहुणा, सगळे एका परिच्छेदात कोंबलेले, बी.ए. कोण आणि दमा कोणाला, हे लग्नानंतर कळतं, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी माझं पत्र खुणा घालून लिहिलं. मुलगा सुरू, त्याच्या पोटात नाव सुरू, नाव मिटलं, उंची सुरू, उंची मिटली. मग माझे थोरले काका सुरू: वय चोपन्न, बिनलग्नाचे, दोनदा घर सोडून महानुभावांच्या रिद्धपूरला राहायला गेले, दोनदा परत आले. त्यापुढे माझं शिक्षण, नोकरी आणि सवयी. मामाजी नेमस्त माणूस, त्यामुळे गुणवर्णन शून्य, पण बी.ए., मागच्या साली बी.टी., हायस्कुलात मास्तर, व्यसन नाही, पोहता येतं, राग आला की गप्प बसतो, एवढं सगळं खरं आणि पुरेसं होतं. पत्र ड्रायव्हरच्या हाती चाचांकडे गेलं, कारण या खुणा वाचणारा जगात दुसरा माणूस नव्हता.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ओव्हरसियरसाहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ''आपले पत्र फोरमनसाहेबांनी खुणांसह वाचून दाखविले. मुलाचे नाव व उंची समजली. त्यापुढे मुलाविषयी काही माहिती नाही. मुलाचे काका मात्र बी.ए., बी.टी., निर्व्यसनी व पोहणारे आहेत. मुलापेक्षा काका उजवे दिसतात, परंतु त्यांचे वय चोपन्न असल्याने आम्हांस दोन्ही स्थळे पसंत नाहीत. क्षमस्व.''

मामीजी पदर तोंडात कोंबून हसल्या. मला हसू आलं नाही. मामाजींनी पत्राची ठेवलेली नक्कल काढली, पहिल्या ओळीपासून बोट फिरवत आले आणि काकांपाशी थांबले. ''काका मिटवाचे राह्यले,'' ते म्हणाले. नेमकं तिथेच निळ्या पेन्सिलीचं टोक तुटलं होतं. ते ब्लेड आणायला आत गेले, परत येऊन लाल पेन्सिल उचलली आणि पुढची खूण उघडली. काका उघडेच राहिले आणि माझं सगळं आयुष्य त्यांच्या नावावर जमा झालं. मी म्हणालो, ''जाऊ द्या मामाजी, चूक कोणाच्याही हातून होते.'' ते माझ्याकडे बघेनात. त्या दिवशी त्यांच्या पुढ्यातलं ताट तसंच राहिलं, आणि मामीजींचं हसणंही थांबलं.

रविवारी ते बडनेऱ्याला जाऊन येतो म्हणाले आणि मे महिन्याच्या उन्हात थेट अकोल्याला जाऊन धडकले. तिथे काय झालं ते मला लग्नाच्या वेळी चाचांनी सांगितलं. मामाजींनी ओव्हरसियरसाहेबांच्या टेबलावर ते पत्र ठेवलं, खिशातून निळी पेन्सिल काढून राहिलेली खूण केली आणि सगळ्यांदेखत हात जोडले. चाचांनी आपली बाजू मांडली, ''देखो भाऊ, निशान खुला था. दुसऱ्याच्या कागदाले मी हात नाई लावत. खुला है तो खुलाच वाचनार.'' यावर मामाजींनी त्यांना मिठी मारली, कारण असंच वाचायला हवं होतं. आतून मुलीचा आवाज आला म्हणे, ''चोपन्न वर्साचा मानूस मागच्या सालीच बी.टी. पास झाला, हे मी पयल्या दिवसापासून विचारून राहिली, तं माह्यं कोनी ऐकतच नाई!'' पंधरा दिवसांत होकार आला, आणि पावसाळ्याच्या आत लग्न झालं.

लग्नानंतर माझी बदली अकोल्याला झाली. मामाजींचं घर सोडताना मी मुद्दाम त्यांना डिवचलं. म्हणालो, ''चार वर्षं तुमच्या घरी जेवलो, मामाजी. आता जाताना तरी माझ्याबद्दल काही बोला.'' त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ''उंची पाच फूट सहा इंच. चष्मा.'' हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल, त्याला गणती नाही. शाळेत, लग्नकार्यात, गाडीत ओळख झालेल्या माणसांनासुद्धा. मामाजींच्या समोरही सांगायचो, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. लोक पोट धरून हसत.

सात वर्षांनी मामाजी गेले. साधा ताप, आणि चार दिवसांत आटोपलं. तेराव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, मास्तर, तो उंचीचा किस्सा सांगा. सुतकी घरात जरा मोकळं वाटेल म्हणून मी सांगायला लागलो, तर माझ्या बायकोने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. म्हणाली, ''मी आता तुमाले एक गोष्ट सांगते. आजवर सांगितली नाई.''

त्या रविवारी सगळं निस्तरल्यावर तिच्या वडिलांनी मामाजींना विचारलं होतं, कागद झाला, पण पोरगा तुमच्या घरात राहतो, तो आहे कसा? मामाजींनी निळी पेन्सिल खिशात ठेवली. चाचांनी त्यांना पाणी दिलं. ती दाराआड उभी होती, तिने एकेक शब्द ऐकला. ''पोट्टा चांगला हाय,'' मामाजी म्हणाले. ''भाजी चांगली झाली, हे माह्या बायकोले तो रोज म्हनते. मले तीस वर्सांत म्हनता आलं नाई. तो आल्यापासून बायको घरात हसते. आमाले लेकरू नाई. असतं, तं असंच पायजे होतं मले.'' मग घाईघाईने उठले आणि दारात तिला पाहून म्हणाले, ''हे त्याले सांगू नको बेटा. त्याच्यासमोर मले बोलता येत नाई.''

मी तिला विचारलं, ''आणि तू सात वर्षं गप्प बसलीस? मी तो किस्सा सांगत सुटलो होतो तेव्हा तरी मला थांबवायचं!''

''शब्द घेतला होता न त्याईनं,'' ती म्हणाली. ''अन् तुमी सांगाचे तवा ते बाजूले बसून भल्ले हसत. तुमी पाह्यलं नाई काय?''

पाहिलं होतं. हसताना ते चष्मा काढून डोळे पुसायचे, आणि मी आणखी चेकाळून पुढचं सांगायचो.