सतरा नंबर

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी माझा मुलगा निखिल गेला. त्याचा मोबाइल माझ्याकडे राहिला. त्याच्या एमबीएच्या वर्गाच्या ग्रुपवर लग्नाची, बाळाची बातमी आली, की सगळे आपापला हजेरी क्रमांक ओळीने लिहून अभिनंदन करतात. त्यांच्या आनंदावर माझी सावली नको, म्हणून मी लिहिलं, "मला काढा."

"काका, गप्प बसा," त्याच्या वर्गातल्या मेघनाने सुनावलं. "निखिलच्या नोट्सवर अर्धा वर्ग पास झालाय. माझ्या बाळाच्या वेळी त्याचा सतरा नंबर चुकला तर बघा!"

काल तिला मुलगी झाली. सोळापर्यंत हजेरी आली आणि थांबली. उरलेला वर्ग माझ्या मुलासाठी खोळंबला होता. बापाला याहून मोठा मान कुठे मिळतो? चष्मा पुसून मी सतरा लिहिलं. लगेच अठरा आला.

निखिलचा नंबर आता मी लावतो.