जलेबी स्वतःला सॅलड म्हणवत नाही

आमच्या नेपियर टाउन भागातल्या हॉटेलात मेयोनीज घातलेलं सॅलड पुढ्यात घेऊन मी बर्गर खाणाऱ्या, आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना पथ्याचं भाषण दिलं. शुगर आम्हा दोघांनाही आहे.

काका कुठलाही पदार्थ आधी कागदी रुमालावर दाबून उजेडात धरतात. त्यांनी बर्गरची टिक्की दाबली, मग माझ्या सॅलडचं पान. माझाच रुमाल जास्त तेलकट निघाला.

"काहून हो, गवताला तेल पाजून राहिले का हे लोक?"

मग त्यांनी, त्यांच्या मुलानं शुगरपायी खायची बंद केलेली खव्याची जलेबी मागवली, तीही पलीकडच्या टेबलावर बसलेल्या त्याच्या मित्रांसमोर. त्यांनाच म्हणाले, "सांगा त्याला. चोरून खाणार नाही. ही स्वतःला सॅलड तर म्हणवत नाही." अर्धी मला दिली. मी खाल्ली.

घरी हे सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "जलेबी खरं बोलते, मान्य. उद्या रक्त तपासून या, तेही खरंच बोलेल."