आडोशाचे नाना

नाना आधी आडोसा शोधायचे. भर बाजारात दोन शब्द बोलायचे झाले तरी हाताला धरून भिंतीच्या कोपऱ्यात न्यायचे. ऐन तारुण्य कापडाच्या लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्याने गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं त्यांच्या कानांना जमत नसे. लोक त्यांना सरळ बहिरा म्हणून मोकळे होत, याचा मला राग यायचा.

नवागामातल्या केबल ऑफिसात मी तक्रारी लिहून घ्यायची आणि नाना गच्चीवरची मोठी छत्री, म्हणजे डिश, सांभाळायचे. शेजारी मोबाईलचा टॉवर उभा राहिला नि घरोघरी टीव्हीवर चित्राचे चौकोन पडू लागले. मी फोनवर बोलणी खात होते. नाना म्हणाले, "पोरी, छत्री बहिरी नही शे. तिले गलबला भलता ऐकू येस." उपग्रह लांबून कुजबुजतो, टॉवर कानाशी ओरडतो. आकाशाची बाजू मोकळी ठेवून छत्री खाली भिंतीआड उतरवा, तिच्या तोंडाशी टॉवरचा गोंगाट गाळणारा फिल्टर लावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ऑफिसच्या गुजराती शेठना ते पटेना. छत्री जितकी उंच तितकं चित्र साफ, हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य! नाना नको म्हणत असताना शेठनी ती लोखंडी घोड्यावर, उंच सांगाड्यावर चढवायला लावली, थेट टॉवरसमोर. संध्याकाळी उरलंसुरलं चित्रही गेलं. खापर नानांवर फुटलं. सांगितलेलं नीट ऐकलं नसेल म्हणे. शेठनी मला नानांच्या कानांबद्दल विचारलं, "साचुं बोल बेन, नानाने संभळाय छे?"

कमी ऐकू येतं, असं मी म्हणाले. ते खरं होतं, पण चूक कानांची नव्हती, हेही मला ठाऊक होतं. मला माझी नोकरी हवी होती. नानांची गेली.

पुढच्या आठवड्यात बाहेरून इंजिनिअर आला. त्याने छत्री भिंतीआड उतरवली, फिल्टर बसवला. फोन वाजायचा थांबला आणि ती शांतता मला खायला उठली.

रविवारी मी नानांच्या खोलीवर गेले. खाली लूम धडधडत होते. नानांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, मला कोपऱ्यात बसवून कान पुढे केला. "आते बोल, पोरी. आठे आडोसा शे."

चित्र साफ झालं, तुम्ही म्हणालात तसंच केलं, एवढं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. मग हळूच कारण विचारलं, "मंग माले काबर काढं?"

शब्द न् शब्द स्पष्ट आला होता. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.